डब्यातून निघालेली माणसं

मागच्या बकरी ईदला माझा भाचा पुण्याहून घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत लॅपटॉप आणि धुवायचे कपडे यांच्या जोडीला एक छोटी काळी मखमली पिशवी होती. कुर्बानीचे वाटे पोचवून झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती पिशवी चटईवर रिकामी केली. रंगीबेरंगी फासे. नेहमीचे सहा बाजूंचे होते, चार आणि आठ बाजूंचे होते, एक तर चक्क वीस बाजूंचा होता.

पलंगावर अम्मी तस्बीह ओढत बसली होती. तिची बोटं थांबली.

"ये क्या है रे? फासे? घर में फासे नक्को."

"नानी, जुआ नाही. गोष्टीचा खेळ आहे," भाचा म्हणाला.

"गोष्ट सांगायला फासा कशाला लागतो?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला त्याला अर्धा तास लागला आणि मला पुढचे चार दिवस.

खेळ असा. तीन-चार जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर. तो गोष्टीतलं जग सांभाळतो: समोर दरवाजा आहे, आत अंधार आहे, कोणीतरी घोरतंय. बाकीचे एकेक माणूस होतात आणि आपला माणूस काय करतो ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. पहिल्या खेपेला हजार पेट्या छापल्या होत्या. आज जगभर तो खेळतात आणि माझा भाचा दर शनिवारी रात्री पुण्यात खेळतो.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. खेळायला बसण्याआधी आपला माणूस बनवावा लागतो. त्याचे सहा गुण असतात: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि सहावा म्हणजे समोरच्यावर पडणारी छाप. १९७४ च्या नियमात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. जे पडेल ते तुमचं. पैलवान व्हायचं मनात असलं आणि ताकद पाच पडली, तर पाच ताकदीचा माणूस घेऊन गोष्टीत उतरायचं.

"आता असं कोणी करत नाही, मामू," भाचा म्हणाला. "आता पॉइंट मिळतात. सत्तावीस पॉइंट. आपल्याला हवे तसे वाटायचे."

तीनाऐवजी चार फासे टाकून सगळ्यात लहान आकडा सोडून द्यायची सवलत १९७९ च्या पुस्तकातच आली होती. पुढं फासा अजिबात न टाकता गुण विकत घ्यायची सोय झाली. म्हणजे माणूस मोजूनमापून शिवायचा, ईदच्या कुर्त्यासारखा.

त्यानं त्याच्या फोनमध्ये आपली पात्रं दाखवली. सहा होती. सगळी एकसारखी. उंच, देखणा, तलवारबाज, छाप भरपूर. नावं अशी की त्यावरून गाव, जात, धर्म काहीच कळू नये. मी म्हणालो, "सहाच्या सहा तूच आहेस की." तो हसला. त्या हसण्याकडं मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

मी म्हणालो, "आपण जुन्या पद्धतीनं खेळू. पडेल तो माणूस."

पण अम्मी अडून बसली होती. तिचं म्हणणं मला टाळता येत नव्हतं. फाशाच्या खेळाबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत आणि बहुतेक उलेमा त्याला मनाई करतात. पैशाचा डाव नसेल तर चालेल का, यावर वाद घालणारेही आहेत. मी मौलाना नाही. आणि आईच्या घरात आईला दलील देऊन जिंकण्यात काय मजा आहे?

वाट तिनंच काढली. "फासा नक्को. चिठ्ठी डालो."

चिठ्ठी आमच्या घराला नवी नाही. अम्मीची भिशी पंधरा वर्षं चालू आहे. गल्लीतल्या बारा बायका महिन्याला पैसे टाकतात, एका स्टीलच्या डब्यात बारा नावं असतात, कुणाच्या तरी लहान पोराला हात घालायला सांगतात. ज्या बाईचं नाव निघेल तिचा तो महिना. आणि हजचा कुर्रा कोणाला ठाऊक नाही? जागा कमी आणि अर्ज जास्त असले की हज कमिटी सोडत काढते. कुर्रा हा शब्दच चिठ्ठी टाकण्याचा. कुरआनात हजरत मरियमचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवायला लोकांनी कलमं टाकल्याचा उल्लेख आहे. हजरत युनूसच्या जहाजावरही चिठ्ठीच पडली होती. जिथं सगळ्यांचा हक्क सारखा आणि जागा एकच, तिथं माणसानं आपली आवड बाजूला ठेवून चिठ्ठी काढावी, ही जुनी रीत आहे.

तर फासे पिशवीत गेले आणि चिठ्ठ्या आल्या. माझ्या मुलीच्या कंपासपेटीत एक ते सहा आकड्यांच्या सहा चिठ्ठ्या. एक काढायची, लिहायची, परत टाकायची, हलवायची. असं तीनदा. हिशोब फाशाचाच राहतो. तीन चिठ्ठ्यांचे दोनशे सोळा प्रकार होतात. त्यात अठरा एकदाच येतो, तीनही एकदाच. दहा किंवा अकरा मात्र चारातून एकदा. म्हणजे बहुतेक माणसं बेताचीच निघतात. नेहमी तलवारबाज करणाऱ्या पोराला हे पचवणं जड गेलं.

संध्याकाळी त्याचा शाळेतला दोस्त आला. पद्मशाली आहे, घरात तेलुगू बोलतात, वडिलांचे टॉवेलचे चार माग आहेत. अम्मीला तो नानीच म्हणतो. चौथी माझी मुलगी, दहावीत. मी एक सूचना केली. राक्षस आणि जादूगार कशाला? आपल्या माणसांचा जन्मसुद्धा चिठ्ठीनं ठरवू आणि जन्म सोलापुरात होऊ दे. कल्पना माझी नाही. असे खेळ आहेत. १९८६ च्या ‘वॉरहॅमर’ नावाच्या इंग्रजी खेळात तुमचा धंदाही फाशावर ठरतो. राजपुत्र व्हायचं ठरवून बसलेला माणूस उंदीर पकडणारा होतो.

आम्ही भिशीचा रिकामा डबा मागून घेतला आणि वीस चिठ्ठ्या करायला बसलो. घर कोणाचं, हे त्यातून ठरणार होतं. पहिलाच वाद इथं झाला. वीसांत मुसलमान किती?

"दहा तरी टाक," दोस्त म्हणाला.

"दोन," भाचा म्हणाला.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. दोघं एकाच बाकावर बसून शिकले, एकाच गावात वाढले. एकाला निम्मं गाव मुसलमान वाटतं, दुसऱ्याला दहावा हिस्सा. दोस्त म्हणाला, "अबे, नई जिंदगीकडं गेलं की संपतच नाही तुमची वस्ती." भाचा म्हणाला, "वर्गात आम्ही कितीजण होतो ते आठव."

मुलीनं फोनवर पाहिलं. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेनऊ लाखांच्या घरात आणि त्यात मुसलमान साधारण पाचवा हिस्सा. वीसांत चार. बाकीच्या सोळांत पद्मशाली, लिंगायत, मराठा, बौद्ध, धनगर, मारवाडी, ख्रिस्ती असं करत अंदाजानं भरलं. दुसऱ्या वाटीत आईचं काम: बिडी, शिलाई, धुणीभांडी, दुकान, शिक्षिका, घरकाम. बिडीच्या चिठ्ठ्या जास्त टाकल्या. ज्यानं सोलापूर पाहिलंय त्याला कारण सांगायला नको.

मग हात घातले.

मला निघाली पद्मशाली बाई, पन्नाशीची. आई बिडी वळायची, हीही बिडी वळते. ताकद सहा, शहाणपण पंधरा, चपळाई नऊ. अम्मी इतका वेळ गप्प होती. तिनं माझा कागद मागितला आणि चष्मा लावून वाचला.

"चपळाई नऊ? हिला कोण बिडी देईल?"

अम्मीनं लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं बिडी वळली. दिवसाला हजार. आदल्या रात्री पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. "ताकद नको त्याला," ती म्हणाली. "बोटं पाहिजेत. आणि मग चेकरची मर्जी. त्याचं डोकं फिरलं तर मूठभर छाट काढतो. वळलेली बिडी गेली, मजुरी गेली." भाच्यानं लगेच नियम केला: माझ्या बाईनं ब्रँचमध्ये बिडी दिली की एक चिठ्ठी काढायची, एक आला तर छाट. अम्मी म्हणाली, "एक आणि दोन." आणि तसं ठरलं.

मुलीला निघाली मारवाडी मुलगी, नवी पेठेत कापडाचं दुकान. छाप पाच. ती चिडली. "एवढे पैसे आणि कोणाला आवडणारच नाही!"

दोस्ताला निघाला मुसलमान मुलगा, आईची शिलाई. ताकद आठ. छाप सोळा. रात्रीतला सगळ्यात मोठा आकडा. "बोलून बोलून गाव विकेल हा," दोस्त खूश झाला. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा क्षणभर विचार करून म्हणाला, "कुर्बान."

सोलापूरच्या पोराला मुसलमानाचं नाव विचारलं तर हे नाव यावं, याचा मला आनंद झाला. मार्शल लॉच्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. शाळेच्या प्रभातफेरीत आम्ही सगळ्यांनी त्यांच्या नावांच्या घोषणा दिल्या आहेत. डब्यात हात घालून चार चिठ्ठ्या काढाव्यात तशी ती चार नावं आहेत.

खेळ सुरू झाला. तिघं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघाले. माझी बाई मुलीच्या बाळंतपणाला, मारवाडी मुलगी सीए करायला, कुर्बान पहिल्या नोकरीला. दौंडपर्यंत फार मजा आली. कुर्बाननं टीसीला बोलण्यात गुंतवून माझ्या बाईचं जादा सामान सोडवलं. छापेची चिठ्ठी काढली, जमलं. खिडकीची जागा मिळवली, जमलं. मारवाडी मुलगी चहावाल्याशी भांडली, हरली.

पुण्यात पोचल्यावर खोल्या शोधायच्या होत्या. मुलीनं दार वाजवलं. भाचा घरमालकाच्या आवाजात म्हणाला, "नाव?" तिनं सांगितलं. "बरं. दोन महिन्यांचं डिपॉझिट. कधी येताय?"

"मी तर अजून काही बोललेच नाही," मुलगी म्हणाली. "चिठ्ठी नाही काढायची?"

"नाही."

मग दोस्तानं दार वाजवलं. त्यानं तर भाषणच तयार ठेवलं होतं. नोकरीचं पत्र दाखवीन, स्वच्छता ठेवीन, काकूंच्या हातचा चहा पिईन. भाच्यानं ते सगळं ऐकून घेतलं.

"नाव?"

"कुर्बान."

"खोली गेली."

"अबे थांब, छाप सोळा आहे. चिठ्ठी काढू दे."

"इथं चिठ्ठी नसते."

"असं कसं? नियम आहे. सोळा आहे!"

"खोली गेली म्हटलं ना."

दोस्तानं दुसरं दार वाजवलं. तिसरं वाजवलं. चौथ्या ठिकाणी म्हणाला, "मी नाव वेगळं सांगतो." भाचा म्हणाला, "आधार कार्ड दाखवा." पाचव्या ठिकाणी मालक फारच गोड बोलला. म्हणाला, माझं काही नाही हो, सोसायटीवाले ऐकत नाहीत. दोस्त आता खरंच चिडला होता. हातातली पेन्सिल आपटून म्हणाला, "मग सोळाचा उपयोग काय? निदान एकदा टाकू तरी दे!"

भाचा चटईकडं बघत म्हणाला, "मला पण टाकू दिली नव्हती."

खोलीत पंखा फिरत होता. अम्मीच्या हातातली तस्बीह पुन्हा थांबली होती.

त्यानं हे घरी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं की खोल्या महाग आहेत, लांब आहेत, बघतोय. मीही त्याला म्हणालो होतो की जरा नीट बोलावं लोकांशी, कपडे इस्त्री करून जावं. आज तो ज्या फ्लॅटमध्ये राहतो तिथला करार दुसऱ्या पोराच्या नावावर आहे. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव नाही. सहा तलवारबाजांना अशी बिनपत्त्याची नावं का होती, ते मला तेव्हा कळलं. आणि इस्त्रीचा माझा सल्ला आठवून मान वर करवेना.

त्या रात्रीपासून मी या गोष्टीचा विचार करतोय.

आपल्याकडं नशिबावर बोलायला सगळ्यांना आवडतं. जन्म आपल्या हातात नसतो, मिळालेल्या पत्त्यांवर डाव खेळायचा, वगैरे. खेळसुद्धा वरवर पाहिला तर हेच सांगतो. ‘ट्रॅव्हलर’ नावाचा १९७७ चा एक खेळ आहे. त्यात आपलं पात्र तयार होतानाच मरू शकतं. चार-चार वर्षांच्या नोकरीच्या प्रत्येक टप्प्याला एक फेक असते. ती चुकली की गोष्ट सुरू व्हायच्या आत माणूस संपला, नवा कागद घ्या. लोक यावर हसतात. पण त्या खेळातही मरणाऱ्याला फासा टाकायला मिळतो. आकडा वाईट पडला, हे तो म्हणू शकतो.

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७१ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की समाजाचे नियम अशा माणसांनी ठरवावेत ज्यांना आपण त्या समाजात कोण म्हणून असणार हे ठाऊक नाही. म्हणजे डब्यात हात घालण्याआधी नियम करा. आम्ही नेमकं तेच केलं होतं. चिठ्ठी काढण्याआधी चौघांनी मान्य केलं होतं की छाप सोळा असेल तर माणसाचं बोलणं ऐकलं जाईल. हा नियम दौंडपर्यंत चालला.

दोस्ताला राग आला तो मुसलमान निघाल्याचा नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते त्यानं हसत घेतलं होतं. ताकद आठ पडली तीही घेतली. माणूस वाईट चिठ्ठी सहन करतो. चिठ्ठीच काढू देत नाहीत, ते त्याला सहन होत नाही.

अम्मीनं हजचा अर्ज केला तेव्हा पहिल्या वर्षी तिचं नाव निघालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मी चडफडलो होतो. ती म्हणाली होती, "डब्बे में नाम तो था ना? बस." तिसऱ्या वर्षी निघालं. दोन वर्षं ती शांत राहिली ते सबुरीमुळं, असं मी समजत होतो. आता वाटतं, सबुरीला काहीतरी आधार लागतो. आपली चिठ्ठी डब्यात पडली आहे आणि आत हात घालणारं पोर डोळे मिटून हात घालणार आहे, एवढी खात्री असेल तर माणूस वर्षानुवर्षं थांबतो. ज्याची चिठ्ठी दारातच बाजूला काढली जाते, त्याला सबुरी शिकवण्यात अर्थ नाही. त्याला इस्त्रीही शिकवू नये.

खेळानं सगळं कळतं असंही मी म्हणणार नाही. त्या रात्री दोस्त बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी दुसरी चिठ्ठी काढू का?" आणि म्हणताच त्याच्या लक्षात आलं. भाचा शांतपणे म्हणाला, "काढ की. तुला काढता येते." त्यात टोमणा होता आणि नव्हताही. दोस्तानं डबा पुढं ओढला, झाकण उघडलं, परत लावलं. कुर्बानचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बसता बसता म्हणाला, "माझा माणूस स्टेशनवर झोपला रात्री. पुढं सांग." माझ्या बिडीवाल्या बाईनं त्याला मुलीच्या घरी नेलं, वन बीएचकेमध्ये सहावा माणूस म्हणून. त्यासाठी मला जावयाला पटवावं लागलं. शहाणपणाची चिठ्ठी काढली आणि जेमतेम जमलं. पुण्याच्या त्या गोष्टीत कुर्बानच्या वाट्याला आलेली ती पहिली फेक होती आणि तीही माझ्या हातची.

मी बहिणीला सगळं सांगितलं. ती रडली, मग त्याला फोन करून ओरडली, की आईला सांगत नाहीस होय. आता तो सांगतो. खोली बदलायची आहे, शोधतोय. प्रत्येक नकार कळवतो, आकड्यासारखा. काल तिसरा होता.

डबा आम्ही अम्मीला परत दिला. पुढच्या महिन्यात भिशी निघाली, शेजारच्या पोरीनं हात घातला, चिठ्ठी उघडली आणि वाचली: "बिडी कामगार." तळाला एक आमची राहिली होती. बायका बुचकळ्यात पडल्या. ही कोण? अम्मीनं सांगितलं तेव्हा जोरात हशा पिकला. बारापैकी सात-आठ जणींनी कधी ना कधी बिडी वळलेली. एक म्हातारी म्हणाली, "उसीच को दे दो. मेरेच्या से ज्यादा उसको जरूरत होगी."

पैसे अर्थातच दुसऱ्या चिठ्ठीला गेले. पण ती चिठ्ठी अम्मीनं फेकली नाही. परत डब्यात टाकली. म्हणाली, "रहने दे. अंदरच रहने दे."